लायब्ररी मोबाइलवर आली, पण तुमच्या गावच्या वाचनालयात पोहोचली का?

६ हजार कोटी रुपये. जगभरातली संशोधन नियतकालिकं, म्हणजे जर्नल्स, भारतातल्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना ऑनलाइन वाचता यावीत म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी एवढा खर्च मंजूर केला. योजनेचं नाव 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन'. मुदत २०२५, २०२६ आणि २०२७ अशी तीन वर्षं. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३ हजार जर्नल्स, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक.

आकडे मोठे आहेत. पण तुम्ही या १ कोटी ८० लाखांमध्ये नसाल तर?

म्हणजे असं बघा. कॉलेज सुटून वीस वर्षं झालीत आणि आता डाळिंबावरच्या तेल्या रोगावर नवीन संशोधन काय सांगतं ते वाचायचंय. किंवा घरात कुणाला पार्किन्सन्सचं निदान झालंय आणि व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डपेक्षा भरवशाचं काहीतरी हवंय. किंवा रिटायर झाल्यावर मोडी लिपी शिकायचीय, गावाचा जुना इतिहास शोधायचाय. अशा माणसानं जायचं कुठं?

याचं जुनं उत्तर होतं 'सार्वजनिक वाचनालय'. नवीन उत्तरही तेच असायला हवं, फक्त ऑनलाइन. ते कितपत खरं आहे, आज काय फुकट आणि कायदेशीर मिळतं, आणि घोडं नेमकं कुठं अडलंय, ते समजून घेऊ.

आधी हे समजून घ्या: 'ऑनलाइन लायब्ररी' म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

आपण सगळ्यालाच 'ई-लायब्ररी' म्हणतो आणि तिथंच गोंधळ होतो. खरं तर यात तीन प्रकार आहेत.

पहिला, कॉपीराइट संपलेली पुस्तकं. ती स्कॅन करून कुणीही ठेवू शकतं, कुणीही वाचू शकतं.

दुसरा, जनतेच्या पैशातून तयार झालेलं आणि सरकारनं किंवा संस्थेनं खुलं केलेलं साहित्य. कोश, गॅझेटिअर, पाठ्यपुस्तकं, कोर्सेस.

तिसरा, विकत घेतलेला प्रवेश. यात लायब्ररी प्रकाशकाला पैसे देते आणि सभासद आपलं कार्ड वापरून नवीन पुस्तकं, मासिकं, कोर्सेस मोबाइलवर वापरतात. पैसे भरलेले असतात, फक्त ते वाचकानं एकट्यानं भरलेले नसतात.

पहिल्या दोन प्रकारांत मराठी वाचकाची परिस्थिती वाटते तेवढी वाईट नाही. तिसऱ्यात मात्र जवळपास शुकशुकाट आहे.

आज, आत्ता, फुकट काय मिळतं?

मराठी विश्वकोश: वाईत मुख्यालय असलेल्या या प्रकल्पाचे पहिले प्रमुख संपादक होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. विश्वकोशाचे २० खंड ऑनलाइन आहेत, तेही टाइप केलेल्या मजकुरात. त्यामुळे शब्द टाकून शोधता येतं. काही नोंदी जुन्या आहेत, आकडेवारी मागची आहे, पण एखादा विषय मराठीतून पायापासून समजून घ्यायला याच्याइतकी चांगली सुरुवात क्वचित सापडेल.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ: १९६० मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाची शेकडो पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये मोफत आहेत. चरित्रं, शास्त्रीय विषय, भाषांतरं, इतिहास. दुकानात शोधून मिळणार नाहीत अशी बरीच.

जिल्हा गॅझेटिअर: तुमच्या जिल्ह्याच्या नद्या, पिकं, बाजारपेठा, जुनी गावं यांची नोंद असलेले हे ग्रंथ राज्य सरकारनं ऑनलाइन ठेवलेत. गावावर रील करायची असेल तर ऐकीव गोष्टींपेक्षा इथून सुरुवात करा. फक्त एक लक्षात ठेवा, जुने खंड इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेले आहेत.

नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया: आयआयटी खरगपूरनं उभी केलेली ही साइट १९ जून २०१८ रोजी देशाला खुली झाली. नोंदणी मोफत आहे आणि वयाची अट नाही. पण ही लायब्ररी म्हणजे मुख्यतः एक मोठा शोधक आहे. पुस्तक दुसऱ्याच संस्थेच्या साइटवर असतं आणि ही तुम्हाला तिथपर्यंत नेते. त्यामुळे काही दुव्यांवर गेल्यावर सबस्क्रिप्शन मागितलं जातं. पुस्तक सापडलं म्हणजे ते वाचता येईलच असं नाही.

स्वयम: २०१७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्र सरकारच्या व्यासपीठावर कॉलेज पातळीचे कोर्सेस आहेत. शिकणं मोफत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क. १९ वर्षांचा मुलगा आणि त्याची ४८ वर्षांची आई एकाच कोर्सला बसू शकतात.

सुगम्य पुस्तकालय: ही माहिती सगळ्यात कमी लोकांना असते. दृष्टिहीन व्यक्तींसाठी किंवा छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये ही ऑनलाइन लायब्ररी सुरू झाली. पुस्तकं ऐकता येतील किंवा स्क्रीन रीडरनं वाचता येतील अशा स्वरूपात असतात. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाल्यामुळे अशा वाचकांसाठी पुस्तकाची वेगळी प्रत करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ज्यांच्या आजी-आजोबांची नजर गेलीय पण वाचनाची ओढ गेलेली नाही, त्यांनी हे नाव लिहून ठेवा.

याशिवाय मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं 'ग्रंथसंजीवनी' नावानं आपला दुर्मीळ संग्रह स्कॅन करून ऑनलाइन आणलाय. जेस्टोर या जर्नल्सच्या संग्रहावर मोफत खातं उघडलं तर महिन्याला १०० पर्यंत लेख ऑनलाइन वाचता येतात. कॉलेजचं ओळखपत्र लागत नाही.

साने गुरुजी फुकट, मग पुलं का नाहीत?

हा प्रश्न टेलिग्रामवर पुस्तकं शोधणाऱ्या प्रत्येकाला पडतो.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं २०११ पासून सगळ्यांची झाली. 'श्यामची आई' तुम्ही स्कॅन करा, वाचून रेकॉर्ड करा, कायदा आड येत नाही.

आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले. त्यांचा कॉपीराइट २०२९ च्या ३१ डिसेंबरला संपेल. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० पर्यंत थांबायचं. तोवर ग्रुपवर फिरणारी त्यांच्या पुस्तकांची पीडीएफ म्हणजे सरळ पायरसी.

यातून एक गंमत आणि एक अडचण दोन्ही तयार होतात. मराठीत फुकट आणि कायदेशीर मिळणारी बहुतेक पुस्तकं साठ वर्षांपेक्षा जुनी किंवा सरकारी आहेत. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मराठीत जे महत्त्वाचं लिहिलं गेलं, ते वाचायचं तर विकत घ्या किंवा वाचनालयात जा. आणि वाचनालयानं ते ऑनलाइन द्यायचं तर लागतो तो तिसरा प्रकार. विकत घेतलेला प्रवेश.

परदेशात हे कसं चालतं?

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं उदाहरण घेऊ. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या कुणालाही तिचं कार्ड मोफत मिळतं. त्या कार्डावर घरबसल्या ई-पुस्तकं, ऑडिओबुक्स आणि अनेक डेटाबेस वापरता येतात. 'लिबी' हे अ‍ॅप तिकडच्या हजारो लायब्रऱ्या वापरतात. कार्डाचा नंबर टाका, पुस्तक घ्या, मुदत संपली की ते आपोआप परत जातं. तुमचं कुणी तिकडं राहत असेल आणि अजून लायब्ररीचं कार्ड काढलं नसेल, तर हा लेख त्यांना पाठवा. पैसे देऊन घेतलेली एक-दोन सबस्क्रिप्शन्स तरी बंद करता येतील.

पण तिकडंही सगळं आलबेल नाही. छापील पुस्तक एकदा विकत घेतलं की पानं फाटेपर्यंत लायब्ररीचं. ई-पुस्तकाचं तसं नसतं. लायब्ररी पुस्तक नाही, परवाना घेते. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, म्हणून डिजिटल पुस्तकालाही रांग लागते. हार्परकॉलिन्सनं २०११ मध्ये नियम आणला की २६ वेळा पुस्तक दिलं गेलं की परवाना संपला, पुन्हा विकत घ्या. मॅकमिलननं २०१९ मध्ये नवीन ई-पुस्तकांवर पहिले आठ आठवडे लायब्रऱ्यांना फक्त एक प्रत देण्याची अट घातली. लायब्रऱ्यांनी बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये ही अट मागे घ्यावी लागली.

इंटरनेट आर्काइव्हचा खटलाही याच वादातला. आपल्याकडची छापील प्रत स्कॅन करून ती एका वेळी एकालाच वाचायला द्यायची, असा त्यांचा मार्ग होता. चार मोठे प्रकाशक २०२० मध्ये कोर्टात गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील कोर्टातही आर्काइव्ह हरलं. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनी देणं बंद झालं.

मुद्दा काय? डिजिटल म्हणजे फुकट नाही. कुणीतरी दर वर्षी बिल भरतं म्हणून वाचकाला ते फुकट वाटतं.

मग महाराष्ट्रात ते बिल कोण भरणार?

इथं आपल्याला थोडं मागं जावं लागेल.

ग्रंथालयं हा विषय मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत येतो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानानं स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. म्हणजे परंपरेत आपण मागं नाही.

आपल्याकडची रचना मात्र वेगळी आहे. गावोगावची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकार स्वतः चालवत नाही. स्थानिक मंडळी संस्था स्थापन करतात, सभासद वर्गणी भरतात आणि सरकार अनुदान देतं. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान वर्गानुसार ठरतं. अशी अनुदानित वाचनालयं राज्यात ११ हजारांहून जास्त आहेत. याच अनुदानात पुस्तकं घ्यायची, ग्रंथपालाला पगार द्यायचा आणि वीजबिलही भरायचं. २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारनं अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला. पण 'ड' वर्गातल्या छोट्या वाचनालयासाठी मूळ रक्कमच इतकी लहान आहे की वाढ होऊनही ई-पुस्तकांचा परवाना परवडणं लांबची गोष्ट.

शेजारच्या कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानुसार मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर गोळा होतो. तामिळनाडूतही असा उपकर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकराची तरतूदच नाही. म्हणजे आपल्याकडं वाचनालयांचा पैसा दर वर्षी अर्थसंकल्पातून मागून घ्यावा लागतो.

फरक दिसतो तो इथं. कर्नाटकच्या सार्वजनिक ग्रंथालय विभागानं फेब्रुवारी २०२० मध्ये राज्यासाठी एकच डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय सुरू केलं. नोंदणी मोफत. काही आठवड्यांत लॉकडाऊन लागला, वाचनालयांची दारं बंद झाली आणि लोकांना मोबाइलवर एक पर्याय हाताशी होता. नुसता उपकर लावला की सगळं सुधारतं असं नाही, गोळा झालेला पैसा ग्रंथालयांपर्यंत वेळेवर पोहोचावाही लागतो. पण एक धडा सरळ आहे. ११ हजार वाचनालयांनी ११ हजार वेळा परवाने घेणं अशक्य आहे. सगळ्यांच्या वतीनं एकदाच घेणं शक्य आहे.

'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' यापेक्षा वेगळं काय करतं? अगदी हेच, पण विद्यापीठांसाठी.

तिसऱ्या टप्प्यात तुमचा नंबर आहे

आता पुन्हा त्या ६ हजार कोटींकडे येऊ. या योजनेची आखणी टप्प्याटप्प्यांनी केलेली आहे. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. पुढच्या टप्प्यात खासगी संस्था. आणि तिसऱ्या टप्प्यात सर्वसामान्य नागरिक. कसे? सार्वजनिक ग्रंथालयांमधल्या ठरवून दिलेल्या केंद्रांमधून.

ही कल्पना नवीन नाही. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये 'अ‍ॅक्सेस टू रिसर्च' नावाचा उपक्रम सुरू झाला. प्रकाशकांनी सार्वजनिक लायब्रऱ्यांमधल्या कॉम्प्युटरवर संशोधन लेख मोफत वाचू दिले. अट एवढीच की लायब्ररीत येऊन वाचायचं.

केंद्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पातही एक वाक्य होतं, जे बातम्यांत हरवून गेलं. मुलं आणि किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी उभी करायची आणि ती वापरता यावी म्हणून पंचायत आणि वॉर्ड पातळीवर ग्रंथालयं उभारायला राज्यांना प्रोत्साहन द्यायचं. यातल्या पहिल्या भागातून 'राष्ट्रीय ई-पुस्तकालय' हे मुलांसाठीचं अ‍ॅप आलं. अवघड आहे तो दुसरा भाग. कारण अ‍ॅप दिल्लीत बनतं, वाचनालयाची खोली मात्र गावातच उघडावी लागते.

तीच गोष्ट प्रौढ शिक्षणाची. १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर झाला, खर्च १,०३७.९० कोटी रुपये. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रौढांसाठी ऑनलाइन पुस्तकं आणि इंटरनेटनं सज्ज ग्रंथालयं असावीत असं स्पष्ट लिहिलंय. पण साक्षर झालेली बाई त्यानंतर काय वाचणार, कुठं वाचणार? याचं उत्तर शेवटी वाचनालयाच्याच दारात येऊन थांबतं.

आणि आज त्या दारातून आत गेलं की काय दिसतं? बऱ्याच ठिकाणी अभ्यासिका. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणारी मुलं. ती गरज खरीच आहे, घरात शांत जागा नसते. पण ही मुलं आपली पुस्तकं, आपला मोबाइल आणि आपला डेटा घेऊन येतात. वाचनालय त्यांना टेबल-खुर्ची देतं, ज्ञानाचा साठा देत नाही. जिथं कॉम्प्युटर नाही, वाय-फाय नाही आणि ग्रंथपाल तुटपुंज्या पगारावर अर्धवेळ काम करतात, तिथं १३ हजार जर्नल्सचं केंद्र चालवायचं कुणी?

आणखी एक अडचण भाषेची. त्या जर्नल्समधला बहुतांश मजकूर इंग्रजीत आहे. मराठीतली अनेक स्कॅन केलेली पुस्तकं म्हणजे नुसते पानांचे फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, स्क्रीन रीडरला ती वाचता येत नाहीत, मोबाइलवर बोटांनी मोठं करून वाचता वाचता माणूस कंटाळतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा जल्लोष झाला. हे स्कॅन शोधता येण्याजोग्या मजकुरात आणणं हे त्या दर्जाला शोभणारं काम आहे, पण त्याची मिरवणूक निघत नाही.

मग तुम्ही काय करू शकता?

एक, आजच्या आज: वर दिलेल्यापैकी एकच साइट निवडा आणि एकच विषय घ्या. दहा पीडीएफ डाउनलोड करून फोनची मेमरी भरण्यापेक्षा विश्वकोशातली एक नोंद पूर्ण वाचा, त्यातून जो प्रश्न पडेल तो नॅशनल डिजिटल लायब्ररीवर शोधा.

दोन, घरातल्या मोठ्यांसाठी: खातं उघडणं, ओटीपी, पासवर्ड इथंच बहुतेक ज्येष्ठ अडकतात, वाचताना नाही. तेवढं एकदा करून द्या, पासवर्ड वहीत लिहून द्या आणि साइटचं चिन्ह होम स्क्रीनवर ठेवा.

तीन, पैसे भरण्याआधी: कुणी 'ई-लायब्ररी मेंबरशिप' विकत असेल तर त्यात नेमकं काय आहे ते विचारा. कॉपीराइट संपलेली आणि सरकारनं मोफत ठेवलेली पुस्तकंच पुन्हा विकली जात नाहीत ना, ते तपासा.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या गावातलं अनुदानित वाचनालय ही नोंदणीकृत संस्था आहे. तिला कार्यकारी मंडळ असतं, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. थोडी वर्गणी भरून सभासद व्हा आणि सभेत तीन प्रश्न विचारा. वाचकांसाठी किती कॉम्प्युटर आहेत? इंटरनेट आहे का? पुस्तकांची यादी ऑनलाइन आहे का? उत्तर 'नाही' आलं तर तेच प्रश्न लेखी स्वरूपात जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे पाठवा. हे पद त्यासाठीच आहे.

हे आत्ताच का? 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन'साठी मंजूर झालेला पैसा २०२७ पर्यंतचा आहे. पुढची मांडणी ठरेल तेव्हा तिसऱ्या टप्प्याचं काय, हा प्रश्न येईलच. त्या वेळी कुठली ग्रंथालयं तयार आहेत याची यादी होईल. ज्या वाचनालयात सभासदांनी कधी इंटरनेट मागितलंच नाही, ते त्या यादीत कुठून येणार?